'वाढीचा झटका': बडोद्यातल्या एका पुस्तिकेत अडकलेला इंग्रजी शब्द

जून महिन्यातली दुपार. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर आम्ही बारा-तेरा जणी बसलो होतो. समोर चोवीस पानांच्या आरोग्यपुस्तिकेचा कच्चा मसुदा होता. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि जिथे अडेल तिथे थांबवायचं, असं ठरलं होतं. सातव्या पानावर शीर्षक आलं, 'मुलींमधील वाढीचा झटका'. अकरा वर्षांच्या मुलीची आई असलेली एक बाई जागेवरून उठली, माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हा झटका सगळ्याच पोरींना येतो का हो? म्हणजे फिटसारखा? आमच्या घरात अजून कुणाला आलेला नाही."

वाचन तिथेच थांबलं. पुस्तिका छापखान्यात जायला आठवडा उरला होता, तीही थांबली. पुढचे तीन आठवडे 'स्पर्ट' (spurt) या ज्या एका इंग्रजी शब्दामागे गेले, त्याची ही हकीगत. भाषांतर करणाऱ्यांना, शिक्षकांना आणि आरोग्याचं काम करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मसुदा कुठून आला

शहरातल्या एका मराठी मंडळाने पावसाळ्याआधी घरोघर द्यायला ही पुस्तिका काढायचं ठरवलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले, आणि पाणी ओसरल्यावर तापाची, डासांची, जखमांची काय तऱ्हा होते ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या अनुभवातून ही कल्पना निघाली. मूळ मजकूर एका डॉक्टरबाईंनी इंग्रजीत लिहून दिला. मराठी भाषांतर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने केलं. मुलगी बडोद्यातच वाढलेली, घरी मराठी, बाहेर गुजराती, शिक्षण इंग्रजीत. तिचं मराठी स्वच्छ आहे आणि तिने मन लावून काम केलं होतं. तपासणी माझ्याकडे होती. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता भाषांतरं तपासते.

'वाढीचा झटका' माझ्या नजरेखालून गेला होता आणि मला खटकला नव्हता, हे आधीच सांगायला हवं. त्याचं कारण नंतर उमगलं. मी 'झटका' वाचत होते, पण मला त्यामागचा इंग्रजी 'स्पर्ट' दिसत होता. मूळ शब्द माहीत असणाऱ्याला भाषांतर कळतंच, कारण तो खरं म्हणजे मूळच वाचत असतो. त्या आईपुढे फक्त 'झटका' होता. आणि आपल्या घरात झटका कशाकशाचा येतो? हृदयविकाराचा, फिटचा, अर्धांगवायूचा, विजेचा. आरोग्याच्या पुस्तकात तो शब्द आला की छातीत धस्स होणारच. तिने काहीही चुकीचं वाचलं नव्हतं.

घरी येऊन मूळ इंग्रजी मजकुरात 'स्पर्ट' कुठे कुठे आला आहे ते शोधलं. सहा प्रसंगी आला होता. जखमेतून येणाऱ्या रक्ताबद्दल, वयात येणाऱ्या मुलांच्या उंचीबद्दल, पावसाळ्यानंतर वाढणाऱ्या डेंग्यूच्या रुग्णांबद्दल, शर्यतीच्या शेवटच्या टप्प्याबद्दल, अभ्यासाच्या पद्धतीबद्दल आणि या वयातल्या रागाबद्दल. मसुद्यात या सहा जागी मिळून तीनच शब्द होते: झटका, उसळी आणि एका ठिकाणी 'उछाळा'.

शब्द मुळात काय सांगतो

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून आहे. 'स्पिर्ट' असंही त्याचं एक जुनं रूप. मूळ कुठलं यावर कोशांचं एकमत नाही. जर्मन भाषाकुळातल्या थुंकण्याच्या, पिचकारी उडवण्याच्या अर्थाच्या शब्दांशी त्याचं नातं असावं असं सांगतात. तेव्हापासून त्याची दोन अंगं दिसतात. एक पातळ पदार्थाचं: दाबाखालून एकदम बाहेर उडणं. दुसरं वेळेचं: थोडाच वेळ टिकणारा जोर, मग तो कामाचा असो, पळण्याचा असो की वाढीचा. भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिसरं अंग फार प्रिय केलं आहे. 'स्पर्ट इन केसेस', 'स्पर्ट इन प्राइसेस', म्हणजे एखादा आकडा एकदम चढणं. पावसाळा संपता संपता कुठलाही इंग्रजी पेपर उघडा, डेंग्यूच्या बातमीत तो भेटतो.

त्याच्या शेजारच्या शब्दांपासून त्याला वेगळं ओळखता आलं पाहिजे. 'बर्स्ट'मध्ये काहीतरी फुटतं, आवरण जातं. 'गश'मध्ये भरपूर वाहतं आणि वाहतच राहतं. 'सर्ज' लाटेसारखा, मागून येणारा जोर अजून संपलेला नसतो. 'स्क्वर्ट' बारीक भोकातून उडतो. 'आउटब्रेक' तर साथीच्या शास्त्रातला शब्द आहे, त्याला ठरलेला अर्थ आहे. 'स्पर्ट'मध्ये तीन गोष्टी एकत्र असतात: एकाएकी येणं, जोराने येणं आणि लवकर ओसरणं. तिसरी गोष्ट भाषांतरात सगळ्यात आधी गळते.

मी शाळेत हा शब्द शिकवताना फळ्यावर लिहायचे, 'स्पर्ट म्हणजे अचानक उसळी', आणि पुढे जायचे. परीक्षेपुरतं ते पुरतही होतं.

ठोक्यागणिक उडणारं रक्त

मसुद्यातलं वाक्य असं होतं: 'रक्त उसळत असल्यास जखम घट्ट दाबून धरा.' दुसऱ्या दिवशी ते मी ओसरीवरच्या आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "रक्त उसळतं ते तरुणपणी, अन्याय बघून. जखमेतून कसं उसळेल?" बरोबर आहे. मराठीत रक्त सळसळतं, उसळतं, खवळतं, ते सगळं मनातलं असतं. जखमेतलं रक्त येतं, वाहतं, ठिबकतं, भळाभळा वाहतं, आणि धमनी कापली गेली तर त्याची चिळकांडी उडते.

चिळकांडी. हा शब्द मला ऐन वेळी सुचला नाही, याची अजून हळहळ वाटते. नळाची पट्टी सैल झाली, सायकलच्या ट्यूबमध्ये पाणी भरून भोक पाडलं, फोड पिळला, लिंबू दाबताना रस डोळ्यात गेला, सगळीकडे चिळकांडीच उडते. दाबाखाली असलेलं पातळ द्रव्य अरुंद वाटेने एकदम बाहेर, थोडाच वेळ. पातळ पदार्थाच्या बाबतीत 'स्पर्ट'चं माप या शब्दाला तंतोतंत बसतं.

पण शब्द बरोबर असून भागत नाही, फरक कळायला हवा, कारण इथे जिवाशी गाठ आहे. डॉक्टरबाईंनी मूळ वाक्य विचार करून लिहिलं होतं. धमनी कापली तर रक्त लालभडक असतं आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उडतं. शीर कापली तर ते गडद असतं आणि एकसारखं वाहतं. भाषांतर करणाऱ्या मुलीने विचारलं, "मावशी, हे नुसतं लिहून कळेल का?" म्हणून पुढच्या बैठकीत तिने पाण्याची प्लॅस्टिकची बाटली आणली, तापवलेल्या सुईने झाकणाला भोक पाडलं आणि मोरीपाशी उभी राहून बाटली दाबली. चिळकांडी उडाली. हात सैल केला, थांबली. पुन्हा दाबली, पुन्हा उडाली. मग बाटली नुसती उलटी धरून थोडी पिचकवून ठेवली, बारीक धार सलग पडत राहिली. एक जण म्हणाली, "म्हणजे दाबणारा हात म्हणजे काळीज." यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण आम्हाला कुणाला देता आलं नसतं. पुस्तिकेत चित्र म्हणून तीच बाटली टाकली.

अंतिम मजकूर असा झाला: 'रक्त लालभडक असेल आणि ठोक्यागणिक चिळकांड्या उडत असतील तर धमनी कापली गेली आहे. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा. कापड भिजलं तर ते काढू नका, त्यावर दुसरं ठेवा. दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.' डॉक्टरबाईंनी त्यात एक वाक्य वाढवलं, जे मुळात नव्हतं. रक्त फार गेलं की दाब उतरतो आणि चिळकांड्या मंद होतात. म्हणून उडणं कमी झालं याचा अर्थ धोका टळला असा घेऊ नये. 'ओसरणं' हा जो शब्दाचा तिसरा धागा मी वर सांगितला, तो इथे असा जिवावरचा आहे.

उंचीचं प्रकरण

आता जिथे सगळं अडलं ते पान. मूळ शब्द 'ग्रोथ स्पर्ट'.

वस्तुस्थिती अशी. शाळेत जायला लागल्यापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. मग मुलींमध्ये दहाव्या वर्षाच्या आसपास हा वेग चढायला लागतो, बाराव्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त होतो आणि तेव्हा वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत जातो. मुलांमध्ये हेच साधारण दोन वर्षं उशिरा, चौदाव्याच्या सुमाराला, आणि थोड्या जास्त वेगाने. त्यानंतर वेग उतरतो. मुलींना पाळी बहुधा हा सगळ्यात जोराचा काळ होऊन गेल्यावर येते. हातपाय आधी लांबतात, धड मागून. म्हणून चपला आधी लहान होतात, फ्रॉक नंतर.

हे माणसाला आधीपासून ठाऊक होतं, पण कागदावर पहिल्यांदा उतरलं ते फ्रान्समध्ये. गेनो द मोंबेयार नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलाची उंची १७५९ पासून १७७७ पर्यंत, जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत, साधारण सहा-सहा महिन्यांनी मोजून ठेवली. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी ते आकडे छापले. त्या आकड्यांचा पुढे आलेख काढला गेला, तेव्हा वर्षाला किती उंची वाढली याची रेषा लहानपणापासून उतरत येते आणि किशोरवयात एकदम डोंगरासारखी वर चढून पुन्हा खाली येते, असं दिसलं. विसाव्या शतकात ब्रिटिश डॉक्टर जेम्स टॅनर यांनी याच वयाच्या वाढीचा आयुष्यभर अभ्यास केला. आज डॉक्टर ज्या पायऱ्यांनी वयात येणं मोजतात त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

तो डोंगर म्हणजे 'स्पर्ट'. आणि इथे मला माझ्या चुकीचं मूळ सापडलं. धमनीचा 'स्पर्ट' एका सेकंदाच्या आत संपतो. उंचीचा दोन-तीन वर्षं चालतो. इंग्रजीला दोन्हीसाठी एकच शब्द चालतो, कारण तिथे 'थोडा वेळ' हा सापेक्ष आहे: अठरा वर्षांच्या वाढीत दोन वर्षं म्हणजे थोडाच वेळ. मराठी शब्दांच्या पोटात मात्र आपापलं घड्याळ असतं. झटका सेकंदांचा. उबळ मिनिटा-दोन मिनिटांची. सर आली तर पाच-दहा मिनिटांची, झड लागली तर दिवसांची. साथीची लाट आठवड्यांची, महिन्यांची. 'झटका' शब्दाला दोन वर्षं ताणून धरता येत नाही. म्हणूनच त्या आईच्या मनात एखाद्या दिवशी, एखाद्या क्षणी येणारं काहीतरी उभं राहिलं. तिच्या प्रश्नातला 'येतो का' हा भाग मी पहिल्यांदा नीट ऐकलाच नव्हता.

मग शब्द कोणता? आजींनी लगेच दिला. "उफाडा म्हणायचं. पोरगी उफाड्याची आहे, एका वर्षात आईच्या खांद्याला लागली." त्या हाच शब्द परसातल्या भोपळ्याच्या वेलालाही लावतात. अर्थाने पाहिलं तर 'ग्रोथ स्पर्ट'ला इतका जवळचा दुसरा मराठी शब्द मला माहीत नाही. वाढ, जोर, थोड्या काळात दिसून येणारा फरक, सगळं त्यात आहे. मी खूश झाले आणि पानावर लिहून टाकला.

भाषांतर करणारी मुलगी मात्र गप्प बसून राहिली. शेवटी म्हणाली, "मावशी, राग मानू नका. हा शब्द माझ्याबद्दल वापरलेला मी ऐकलेला आहे, रस्त्यात. आठवीत असताना. तो उंचीबद्दल नव्हता." ओसरीवर कुणी काही बोललं नाही. आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मग नको."

मी त्यावर दोन दिवस विचार केला. आजींच्या तोंडी शब्द स्वच्छ आहे, पन्नास वर्षांपूर्वी तो बहुतेक घरांत स्वच्छ असेल. पण पुस्तिका बारा वर्षांच्या मुलीच्या हातात जाणार आहे, आणि तिला आपल्या अंगाबद्दल संकोच वाटू नये एवढ्यासाठीच ते पान लिहिलेलं आहे. ज्या शब्दावर लोकांच्या नजरा चिकटलेल्या आहेत तो शब्द तिथे देणं म्हणजे त्या पानाचा हेतूच मोडणं. शिवाय हल्ली तो मुलींबद्दलच बोलला जातो, आणि पान मुलांसाठीही होतं. एक चांगला, नेमका मराठी शब्द हातात असून बाजूला ठेवावा लागला याचं वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. शब्द कोशात जिवंत राहतात, पण रस्त्यावर मळले की घरात आणता येत नाहीत.

मग 'वाढीचा झपाटा' करून पाहिला. मला तो आवडला होता: झपाट्याने वाढणं आपण रोज म्हणतो. पण वाचनात एकीला झपाटलेलं झाड आठवलं, आणि एका आईला एकदा भीती वाटून गेल्यावर मला तेवढीही जोखीम नको होती. 'वाढीची लाट' कुणालाच पटली नाही. 'वाढीचा वेगकाळ' माझाच, त्याला मीच काट मारली. असा शब्द घरात कुणी बोलत नाही.

सुटका झाली ती नाम शोधणं सोडल्यावर. इंग्रजीला अशा जागी नाव हवं असतं, 'अ स्पर्ट'. मराठीत क्रियापद आणि त्याला जोडलेलं दुहेरी अव्यय हेच काम किती सहज करतं. उंची झपाझप वाढते, केस भराभर गळतात, कामं पटापट उरकतात, रोप तरारतं, मूल ताडमाड वाढतं. सातव्या पानाचं शीर्षक झालं: 'उंची झपाझप वाढते तेव्हा'. खाली पहिलं वाक्य: 'साधारण दहा ते चौदा या वयात मुलींची आणि बारा ते सोळा या वयात मुलांची उंची दोन-तीन वर्षं झपाझप वाढते, मग हळूहळू मंदावते. यात घाबरण्यासारखं काही नाही. कुणाची आधी वाढते, कुणाची नंतर.' 'मग हळूहळू मंदावते' हे तीन शब्द मी हट्टाने ठेवले. त्यांच्याशिवाय 'स्पर्ट' पूर्ण होत नाही, आणि तेराव्या वर्षी वाढ मंदावलेली पाहून काळजीत पडणारी आईही मी पाहिलेली आहे.

उछाळा

डेंग्यूच्या वाक्यात 'केसेसमध्ये उछाळा' आला होता. हा आमच्या बडोद्याच्या मराठीचा खास नमुना. सकाळी घरात गुजराती पेपर येतो, त्यात भाव असो, थंडी असो की रुग्ण, सगळ्यांचा 'उछाळो' होतो. आमच्या मराठीत गुजराती असं पाझरतंच, आणि घरात बोलताना मला त्याचं वावडं नाही. पण पुस्तिका इंदूर-ग्वाल्हेरच्या नातेवाइकांकडेही जाणार होती. प्रमाण मराठीतला त्याचा भाऊबंद 'उसळी'. ती शेअर बाजारात शोभते, सोन्याच्या भावात शोभते, तिथे ती बहुधा आनंदाची असते. आजाऱ्यांच्या संख्येने उसळी मारली हे कानाला बरं लागत नाही.

एका कार्यकर्त्याने 'डेंग्यूचा उद्रेक' सुचवलं. भारदस्त वाटतं, पण ते चूक. उद्रेक म्हणजे 'आउटब्रेक', एखाद्या भागात, एखाद्या काळात नेहमी अपेक्षित असतात त्यापेक्षा जास्त रुग्ण. पावसाळ्यानंतर डेंग्यू दरवर्षी वाढतो, ती वाढ अपेक्षितच असते. मंडळाच्या पुस्तिकेने 'उद्रेक' छापला असता तर लोकांना वाटलं असतं की यंदा काहीतरी विपरीत जाहीर झालं आहे. तसं जाहीर करण्याचा अधिकार आरोग्य खात्याचा.

साधं वाक्य पुरलं: 'पावसाळा संपता संपता डेंग्यूचे रुग्ण एकदम वाढतात.' आणि लगेच कारण जोडलं, कारण 'एकदम' या शब्दाला कारण नसेल तर नुसती भीती उरते. हा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि तो दिवसा चावतो. म्हणून कूलर, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरची टाकी, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, सगळं आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडं करायचं. आठवड्याचा हिशेब कुठून आला ते एकदा कळलं की बायका तो विसरत नाहीत, असं त्या ओसरीवर दिसलं.

बाकीच्या तीन जागा

शर्यतीची जागा सोपी निघाली. मूळ सूचना होती की शेवटच्या शंभर मीटरला 'पुट ऑन अ स्पर्ट'. मसुद्यात 'झटका द्या' होतं, त्याने तर स्नायू लचकायचा. बडोदा हे आखाड्यांचं गाव. प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर इथलंच, आणि दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोशही इथूनच निघाला. इथल्या कुठल्याही वस्तादाला विचारलं तरी तो सांगेल, आधी दम राखून ठेव, शेवटी जोर लाव. तेच लिहिलं. बातमी असती तर 'शेवटच्या टप्प्यात मुसंडी मारली' लिहिलं असतं.

अभ्यासाच्या वाक्यात मात्र अर्थ पार उलटला होता. डॉक्टरबाईंनी सुचवलं होतं की मुलांनी थोडा थोडा वेळ, मधे विश्रांती घेत, पण मन लावून अभ्यास करावा, 'इन शॉर्ट स्पर्ट्स'. मसुदा म्हणत होता, 'अभ्यास झटक्यात करावा.' झटक्यात म्हणजे चुटकीसरशी उरकून टाकणं! त्याचं केलं: 'वीस-पंचवीस मिनिटांच्या बैठका कराव्यात, दोन बैठकांमध्ये उठून पाय मोकळे करावेत.'

आणि रागाच्या जागी 'झटका' तसाच ठेवला. 'रागाच्या झटक्यात मूल काही बोललं तर लगेच उत्तर देऊ नका.' तिथे तो अस्सल आहे. राग खरोखरच तेवढाच वेळ टिकतो, आणि झटक्यात बोललेलं मनातलं नसतं हे त्या शब्दातच आलेलं आहे. एका शब्दाने एवढा घोळ केला म्हणून त्याला सगळीकडून हाकलायचं नव्हतं.

कोशांपाशी

या दिवसांत मी दोनदा मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून इथल्या ग्रंथालयांची घडी बसवली. त्याच महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला. राज्यकारभाराचे शब्द इंग्रजी, गुजराती, मराठी, हिंदी, संस्कृत, उर्दू, फारसी आणि बंगाली अशा आठ भाषांत शेजारी शेजारी मांडणारा कोश. कारभाराच्या शब्दाला असं करता येतं, कारण 'न्यायाधीश' सगळीकडे न्यायाधीशच असतो. 'स्पर्ट'सारख्या शब्दाला ते जमत नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश असो की कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी, चांगला कोश शब्दांची रास आपल्यापुढे ओततो. त्यातला कोणता कुठे हे विचारायचं तर आधी एक साधा प्रश्न हवा: एकदम आलं ते काय आहे? रक्त असेल तर चिळकांडी. खोकला असेल तर उबळ. हसू असेल तर उकळी. रडू असेल तर हुंदका किंवा उमाळा. दुखणं असेल तर कळ किंवा सणक. राग असेल तर तिडीक. वारा असेल तर झोत, पाऊस असेल तर सर. लहर असेल तर हुक्की. मराठीने प्रत्येकाला वेगळं नाव दिलं आहे, आणि भाषांतर करणाऱ्या मुलीने ही यादी स्वतःच्या वहीत उतरवून घेतली तेव्हा तिला ते सगळे शब्द आधीपासून येत होते. तिला ते इंग्रजी शब्दासमोर आठवले नव्हते, इतकंच.

त्यानंतर आम्ही तपासणीची रीत थोडी बदलली. मसुदा वाचणाऱ्यांत निदान दोघी तरी अशा असतात ज्यांनी मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही, आणि मूळ माहीत असणारी व्यक्ती मोठ्याने वाचत नाही, नुसती ऐकते.

पुस्तिका जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात छापून आली, ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा.

दिवाळीत फराळाला त्या आईकडे गेले होते. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तिने मला दाखवली. हिरव्या ऑइलपेंटवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा, प्रत्येकीशेजारी बारीक अक्षरात महिना. मुलगी चौकटीला पाठ लावून उभी राहिली, टाचा टेकवल्या, आईने तिच्या डोक्यावर फुटपट्टी आडवी धरली आणि नवी रेघ ओढली. मग जूनच्या रेघेपासून आजच्या रेघेपर्यंत बोटं ठेवून मोजलं. "दोन बोटं, मावशी," ती म्हणाली, "आणि चपला दुसऱ्यांदा घेतल्या."